खरे, खोटे आणि इंग्रजी बोली



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना वाटले असेल, की हे गृहस्थ आता सत्य म्हणजे काय याचे तत्त्वज्ञान सांगणार. तसा माझा विचार नाही, आणि तो माझा अधिकारही नाही. खऱ्याखोट्याविषयी इंग्रज माणूस रोजच्या व्यवहारात कोणत्या शब्दांत बोलतो, एवढेच मला आज आपल्यापुढे ठेवावयाचे आहे. विषय लहान आहे. पण कचेरीत, न्यायालयात, वर्तमानपत्रात अजूनही आपला इंग्रजीशी संबंध येतो, आणि त्या भाषेत खऱ्याखोट्याचा एक शब्द इकडचा तिकडे झाला तर काय होते, हे मी स्वतः अनुभवले आहे. तेव्हा प्रारंभ त्या अनुभवापासूनच करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षातली गोष्ट. मुंबईच्या एका व्यापारी पेढीत मी पत्रव्यवहार पाहत असे. परदेशाहून आलेल्या मालात काही पेट्या कमी भरल्या. पाठविणाऱ्याने कळविले, की आम्ही माल पुरा पाठविला आहे. मी उत्साहाच्या भरात उत्तर लिहिले, की ‘युवर स्टेटमेंट इज फॉल्स’. माझ्या मनात अर्थ एवढाच होता, की तुमचे म्हणणे बरोबर नाही. पत्र गेले. उलट टपाली जे उत्तर आले त्यात मालाविषयी एक अक्षर नव्हते. आमच्यावर लबाडीचा आरोप कोणत्या आधाराने केला, एवढाच प्रश्न होता. हेडक्लार्कांनी मला बोलावून पत्र पुढे टाकले आणि विचारले, “काय हो, समोरचा चुकलाय असं तुम्हांला म्हणायचं होतं, की तो लबाड आहे असं?” मी म्हणालो, “चुकलाय असं.” ते म्हणाले, “मग लिहिलंत दुसरंच.” पुढे आठ दिवसांनी त्या पेट्या आमच्याच गुदामात दुसऱ्या मालाखाली सापडल्या. चूक आमची होती. क्षमेचे पत्र मलाच लिहावे लागले. त्या पत्रात हेडक्लार्कांनी एक वाक्य घालावयास सांगितले : ‘आय स्टँड करेक्टेड’. म्हणजे, माझी चूक आपण दाखविलीत, ती मी उभ्याने मान्य करतो. ते वाक्य मी जन्मभर विसरलो नाही.

माझी फसगत का झाली? कारण मी मराठीत विचार करीत होतो. आपला ‘खोटे’ हा शब्द फार ऐसपैस आहे. नाणे खोटे असते, दागिना खोटा असतो, साक्ष खोटी असते, आणि पावसाचा अंदाजही खोटा ठरतो. अंदाज खोटा ठरला म्हणून वेधशाळेचा अधिकारी लबाड आहे, असे आपण म्हणत नाही. कोणता अर्थ घ्यावयाचा हे मराठी माणसाला संदर्भावरून कळते. इंग्रजाने मात्र त्यासाठी पायऱ्या केल्या आहेत. ‘राँग’ म्हणजे नुसते चूक. ‘मिस्टेकन’ म्हणजे समजुतीचा घोटाळा; यात माणसाच्या नियतीवर शिंतोडा उडत नाही. ‘इनकरेक्ट’ हा कचेरीतला सभ्य शब्द. ‘अनट्रू’ म्हटले की आवाज थोडा चढला. ‘फॉल्स’ हा दुहेरी आहे. ‘फॉल्स टीथ’ म्हणजे कवळी, ‘फॉल्स अलार्म’ म्हणजे उगाच वाजलेली धोक्याची घंटा. यांत लबाडी कोणाचीच नाही. पण एखाद्याच्या विधानाला तो लावला, की लबाडीचा वास येऊ लागतो, कारण त्याच्या मुळाशी फसविणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे. आणि शेवटची पायरी ‘लाय’. हा शब्द उच्चारला की भांडणाला तोंड लागले. ‘लाय’ म्हणजे जे खोटे आहे हे बोलणाऱ्याला ठाऊक आहे, आणि तरीही दुसऱ्याने ते खरे मानावे म्हणून तो जे बोलतो ते. नुसते चुकीचे बोलणे म्हणजे ‘लाय’ नव्हे. तिला हेतू लागतो. आपला कायदाही हेच पाहतो. १८६० च्या दंडसंहितेने खोट्या साक्षीची जी व्याख्या केली आणि २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेने जी कायम ठेवली, तिच्यात विधान खोटे असून भागत नाही. ते खोटे आहे हे साक्षीदाराला ठाऊक असावे लागते, किंवा ते खरे आहे असा त्याचा विश्वास नसावा लागतो.

आता खऱ्याकडे वळू. ‘ट्रू’ हा शब्द आपण सर्वांनी पाहिला आहे. निदान शिक्का म्हणून तरी. दाखल्याच्या नकलेवर ‘ट्रू कॉपी’ असा शिक्का बसल्याशिवाय आपले काम पुढे सरकत नसे. आपण त्याला सत्यप्रत म्हणतो. पण क्षणभर विचार करा, की प्रत खरी म्हणजे काय? ती मुळाशी इमानदार आहे, तिने मुळाशी दगा केलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि ‘ट्रू’ या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ हाच आहे. जुन्या इंग्रजीत तो निष्ठावंत, भरवशाचा या अर्थाने येतो. आजही ‘ट्रू फ्रेंड’ म्हणजे सत्य बोलणारा मित्र नव्हे, तर पाठीशी उभा राहणारा मित्र. ‘ट्रस्ट’ आणि ‘ट्रूस’ म्हणजे तह, हे याच कुळातले शब्द. पुष्कळ भाषापंडितांच्या मते झाड या अर्थाचा ‘ट्री’ हा शब्द आणि आपला संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड, हेही याच मुळातून फुटले. जे लाकडासारखे घट्ट आणि टिकाऊ ते ‘ट्रू’. सुतार व लोहार यांच्या तोंडी हा अर्थ अजून जिवंत आहे. चाक वाकडे फिरू लागले की इंग्रज कारागीर ते ‘आऊट ऑफ ट्रू’ झाले म्हणतो. आपला सायकलवाला म्हणतो, चाकाला आऊट आहे, काढून देतो.

आपल्या ‘सत्य’ शब्दाची वाट निराळी आहे. ‘अस्’ म्हणजे असणे. जे आहे ते सत्, आणि म्हणून सत्य. गंमत अशी, की या सत् शब्दाचे एक सख्खे भावंड इंग्रजीतही होते. ते म्हणजे ‘सूथ’. शेकडो वर्षे इंग्रज लोक सत्याला ‘सूथ’ म्हणत असत. पुढे ‘ट्रूथ’ने त्याला घराबाहेर काढले. आता तो भविष्य सांगणाऱ्याच्या ‘सूथसेयर’ या नावात कसाबसा उरला आहे. म्हणजे सत्य सांगणारा हे बिरुद अखेर ज्योतिषाच्या वाट्याला आले! पण त्याची एक मुलगी मात्र सुखात नांदते आहे. ती म्हणजे ‘सूद’ हे क्रियापद. आज त्याचा अर्थ शांत करणे, दुखणे हलके करणे. मूळ अर्थ होता, खरे आहे असे दाखविणे. मधल्या काळात त्याचा अर्थ झाला, समोरच्याच्या बोलण्याला ‘खरे आहे, खरे आहे’ म्हणत माना डोलविणे. तशा माना डोलविल्या की माणूस शांत होतो, म्हणून अखेरचा अर्थ शांत करणे. एका शब्दाच्या या प्रवासात मनुष्यस्वभावाचा केवढा इतिहास आहे, पाहा.

‘फॅक्ट’ या शब्दाचाही असाच इतिहास आहे. तो लॅटिनमधून आला आणि त्याचा अर्थ, केलेली गोष्ट. इंग्रजीत आरंभी तो कृत्य, विशेषतः दुष्कृत्य या अर्थाने रुळला. कायद्याच्या भाषेत ‘आफ्टर द फॅक्ट’ मदत करणारा म्हणजे गुन्हा घडून गेल्यावर गुन्हेगाराला साहाय्य करणारा. तेथे तो जुना अर्थ अजून टिकून आहे. म्हणजे ‘फॅक्ट’ ही कोणाला वाटलेली गोष्ट नव्हे, ती घडलेली गोष्ट. मत आणि घटना यांत इंग्रज जो भेद करतो, त्याचे बीज येथे आहे.

हे शब्दांचे झाले. पण सामान्य माणूस व्याख्यांनी बोलत नाही, तो बाजारातल्या अनुभवाने बोलतो. एखाद्याचे बोलणे पटले की इंग्रज म्हणतो, ‘इट रिंग्ज ट्रू’. ही भाषा नाण्याची आहे. चांदीचे नाणे दगडावर वाजवून पाहावयाचे; खणखणीत वाजले तर खरे, बद्द वाजले तर खोटे. आपणही खणखणीत नाणे म्हणतो आणि माणूस वाजवून घेतो. दोन्ही भाषा येथे एकाच सराफाच्या दुकानात शिकल्या. ‘ॲसिड टेस्ट’ हीही त्याच दुकानातली. सोन्यावर नत्राम्लाचा थेंब टाकला तर शुद्ध सोन्याला काही होत नाही, हलका धातू मात्र उघडा पडतो. आपला सोनार कसोटीच्या दगडावर रेघ ओढतो, म्हणून आपण कसाला लागणे, कसोटीला उतरणे असे म्हणतो. आणि ‘हॉलमार्क’ तर आता घरोघरी माहीत झाला आहे. लंडनमध्ये सोनारांच्या संघाचे सभागृह आहे, गोल्डस्मिथ्स हॉल. १४७८ पासून तेथे माल आणून तपासून घ्यावा लागे व त्यावर छाप पडे. त्या हॉलची खूण म्हणून हॉलमार्क. आपल्या देशात २०२१ पासून सोन्याच्या दागिन्यांवर तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला.

मात्र बाजारातून स्वयंपाकघरात गेलो, की दोन भाषांची वाट फुटते. ऐकीव गोष्टीवर फार विसंबू नये, असे सांगताना इंग्रज म्हणतो की ती मिठाच्या कणीबरोबर घ्यावी. रोमन ग्रंथकार प्लिनी याने इसवी सनाच्या पहिल्या शतकात एक हकीकत लिहून ठेवली आहे. पाँटसचा राजा मिथ्रिडेटीस याला विषप्रयोगाचे भय. त्याचा पराभव झाल्यावर पाँपी या सेनापतीला त्याच्या कपाटात विषावरच्या उताऱ्याची कृती सापडली : सुके अक्रोड दोन, अंजीर दोन, एका वनस्पतीची वीस पाने, आणि सर्व कुटून त्यात मिठाची एक कणी. तेथे ते मीठ औषधातलेच होते. पुढे बोलताबोलता ते बातमी पचविण्याचे मीठ झाले. आता आपल्याकडे पाहा. आपणही बोलण्यात मीठ घालतो. पण आपण म्हणतो, त्याने तिखटमीठ लावून सांगितले. म्हणजे इंग्रजीत मीठ ऐकणारा घालतो, ते सावधगिरीचे. मराठीत ते सांगणारा घालतो, ते चवीचे. एकच मीठ, पण हात निराळा. म्हणून मी म्हणतो, की वाक्प्रचाराचे शब्दशः भाषांतर करू नये. ‘पुलिंग माय लेग’ म्हणजे माझी थट्टा करतोस. त्यात कोणी कोणाचा पाय ओढत नाही. आपला हात पायाऐवजी डोक्याकडे जातो : आपण शेंडी लावतो, नाही तर टोपी घालतो. आणि उलट बाजूनेही सावध राहावे. ‘बंडल मारणे’ यातला शब्द इंग्रजी, पण अर्थ अस्सल आपला. साहेबाला सांगाल की त्याने बंडल मारले, तर तो बिचारा गठ्ठा कुठे आहे म्हणून पाहील!

आता नाजूक भाग. सगळे खोटे सारखे नसते, हे प्रत्येक समाजाला ठाऊक असते. इंग्रजीत निरुपद्रवी खोट्याला ‘व्हाइट लाय’ म्हणतात. यजमानीणबाईंची भाजी खारट झाली तरी ‘फार छान’ म्हणावयाचे, ते हे. आपण त्याला वेळ मारून नेणे म्हणतो. लहान मुलांची किरकोळ थाप म्हणजे ‘फिब’. आणि आपली लोणकढी थाप, तिच्या जवळपास त्यांची ‘टॉल स्टोरी’ येते. पण पांढऱ्या खोट्याचा रंग किती काळ पांढरा राहतो? इंग्लंडात जुनी चाल होती, की भेट टाळावयाची असली म्हणजे नोकराने दारात सांगावे, ‘नॉट ॲट होम’. ऐकणाऱ्यालाही अर्थ कळत असे. कोशकार डॉक्टर जॉन्सन यांना मात्र हे मान्य नव्हते. त्यांचे चरित्रकार बॉस्वेल यांनी नमूद केले आहे, की जॉन्सन आपल्या नोकराला असे सांगू देत नसत. शहाण्या माणसाला हा केवळ रिवाज आहे हे कळेल. पण मी माझ्यासाठी नोकराला खोटे बोलावयास शिकविले, तर तो स्वतःसाठी बोलणार नाही कशावरून, असा त्यांचा मुद्दा होता. आपल्याकडचा तो मुलगा आठवा, जो दारात येऊन सांगतो, “बाबा म्हणतात, बाबा घरात नाहीत.” आपण हसतो. जॉन्सन हसले नसते.

नोकराच्या दारातून आता पार्लमेंटच्या दारात जाऊ. ब्रिटिश कॉमन्स सभेत एका सभासदाने दुसऱ्याला ‘लायर’ म्हणावयाचे नाही, हा कडक दंडक आहे. २०२१ च्या जुलैत डॉन बटलर या सभासद बाईंनी पंतप्रधान खोटे बोलले असे सभागृहात म्हटले, शब्द मागे घेण्यास नकार दिला, आणि त्यांना त्या दिवसापुरते सभागृह सोडावे लागले. या बंधनातून आडवळणाचे शब्द जन्माला येतात. १९०६ च्या फेब्रुवारीत, चर्चिल वसाहतखात्याचे दुय्यम मंत्री असताना, ट्रान्सवालच्या खाणींतील चिनी मजुरांचा प्रश्न निघाला. त्या मजुरीला पुरत्या अर्थाने गुलामगिरी म्हणणे म्हणजे ‘टर्मिनॉलॉजिकल इनएक्झॅक्टिट्यूड’ होईल, असे ते म्हणाले. अर्थात परिभाषेतली अचूकपणाची उणीव. त्यांना त्या वेळी खरोखर तेवढेच म्हणावयाचे होते. पण लोकांनी तो लांबलचक शब्द उचलला आणि ‘लाय’चे सभ्य नाव करून टाकले.

दुसरे उदाहरण १९८६ चे. एका निवृत्त ब्रिटिश हेराच्या आठवणींचे पुस्तक बंद पाडण्यासाठी ब्रिटिश सरकारने ऑस्ट्रेलियात सिडनी येथे दावा लावला होता. सरकारतर्फे मंत्रिमंडळाचे सचिव सर रॉबर्ट आर्मस्ट्राँग साक्षीला उभे राहिले. एका पत्रासंबंधी उलटतपासणी चालली. चुकीचा ग्रह करून देणे आणि खोटे बोलणे यांत फरक काय, असा प्रश्न आला. त्यांनी उत्तर दिले, की हे कदाचित ‘इकॉनॉमिकल विथ द ट्रूथ’ असणे होय. म्हणजे सत्याच्या बाबतीत काटकसर करणे! कल्पना त्यांची नव्हती. सत्याच्या काटकसरीविषयी एडमंड बर्क यांनी १७९६ मध्येच लिहिले होते. पण त्या दिवसापासून हा प्रयोग घरोघर गेला. सरकार तो दावा हरले.

आपल्याला ही काटकसर नवी आहे काय? कुरुक्षेत्रावर युधिष्ठिराने तीच केली. अश्वत्थामा मारला गेला हे मोठ्याने, आणि हत्ती हे हळू. त्याचे एकही अक्षर खोटे नव्हते. तरी महाभारतकारांनी त्याचा चार बोटे अधांतरी चालणारा रथ जमिनीला टेकविला. ‘नरो वा कुंजरो वा’ ही आपली म्हण झाली. शब्द खरे ठेवून माणसाला फसविता येते, हे आपल्या पूर्वजांनी ओळखले होते, आणि इंग्रज न्यायपंडितांनीही. म्हणून साक्षीदाराच्या शपथेला त्यांनी तीन कड्या घातल्या : ‘द ट्रूथ’, ‘द होल ट्रूथ’, आणि ‘नथिंग बट द ट्रूथ’. आपल्या १९६९ च्या शपथेच्या कायद्यातही हाच नमुना आहे. वरवर पाहता ही पुनरुक्ती वाटते. ती तशी नाही. पहिल्या कडीने उघड खोटे अडविले. दुसरीने दडवादडव अडविली. हत्ती हळू म्हणावयास जागा ठेवली नाही. तिसरीने खऱ्यात थोडे खोटे मिसळणे अडविले. लबाडीला तीनच दारे असतात, आणि तिन्हींना येथे कुलूप आहे.

उरला रोजच्या वाचनाचा प्रश्न. वर्तमानपत्रात ‘अलेज्ड’ हा शब्द आला म्हणजे गोष्ट सिद्ध झालेली नाही, नुसता आरोप आहे, हे ध्यानात ठेवावे; तो शब्द डोळ्यांआड केल्याने निरपराध माणसाची अब्रू जाते. ‘डिनाय’ म्हणजे नाकारणे. ते कोणालाही करता येते. ‘रिफ्यूट’ म्हणजे पुराव्याने खोडून काढणे. अलीकडे नुसत्या नाकारण्यालाही ‘रिफ्यूट’ म्हणण्याची चाल पडली आहे, आणि काटेकोर संपादक तिच्यावर रागावतात ते योग्यच आहे. अर्जाच्या तळाशी ‘टू द बेस्ट ऑफ माय नॉलेज अँड बिलीफ’ असे छापलेले असते आणि आपण न वाचता सही ठोकतो. त्यात सत्याची हमी आहे आणि तिची मर्यादाही आहे : माझ्या माहितीप्रमाणे व समजुतीप्रमाणे हे खरे. मला वाटते, बोलण्याची ही रीत कागदाबाहेरही उपयोगाची आहे.

याची गरज का, हे एका उदाहरणाने सांगून आवरते घेतो. ‘सिन्सियर’ या शब्दाची एक गोड कथा आपण ऐकली असेल. रोमन मूर्तिकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवीत. प्रामाणिक कारागीर आपली मूर्ती ‘साइन सेरा’, म्हणजे मेणाविना, म्हणून विकी. आणि त्यावरून सिन्सियर. मी स्वतः ती वर्गात रंगवून सांगत असे. एके दिवशी कोश उघडला आणि कळले, की कोशकार ही व्युत्पत्ती मानीत नाहीत. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता स्वच्छ, निर्भेळ असा आहे. प्रामाणिकपणाची ती कथाच भेसळीची निघाली! मी लबाड नव्हतो; पण मी पडताळा न पाहता सांगत होतो, आणि ऐकणारे माझ्या भरवशावर पुढे सांगत होते. आज खिशातल्या फोनवर अशा कथा रोज येतात आणि बोटाच्या एका टिचकीने पुढे जातात. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१६ चा शब्द म्हणून ‘पोस्ट-ट्रूथ’ निवडला, तो काही गमतीने नव्हे. वस्तुस्थितीपेक्षा भावनेला जास्त वजन मिळू लागले, असा त्याचा अर्थ आहे.

अशा काळात मला त्या हेडक्लार्कांची आठवण होते. समोरचा चुकला आहे की लबाड आहे, हे आधी ठरवा, मग शब्द उचला, ही त्यांची शिकवण. चुकलेल्याला लबाड म्हटले तर आपण अन्याय करतो. लबाडाला नुसता चुकलेला म्हटले तर इतरांवर अन्याय होऊ देतो. आणि चूक आपलीच निघाली, तर ती उभ्याने मान्य करावी. माझ्या या भाषणातही कोठे चूक राहिली असेल तर आपण दाखवावी. मी येथेच उभा आहे.